एक पातेलं, तीन थांबे

आमच्या घरात खाणारी पाच तोंडं, आणि पाचांची तऱ्हा पाच. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, 78 वर्षांच्या. दात जवळजवळ नाहीतच, आणि तिखटाचा वास लागला तरी ठसका. हे एसटीत ड्रायव्हर. दिवसभर स्टिअरिंग धरून आल्यावर ताटात झणझणीत काही नसलं तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. मोठी बारावीला, सकाळी साडेसहाला क्लासला जाते ती दुपारी दोनला येते. धाकटा तिसरीत, हिरवं पान दिसलं की बोटानं बाजूला सारतो. पाचवी मी.

मोठी लहान होती तेव्हा मी रोज तीन कोरड्यास, म्हणजे भाकरीशी खायची कालवणं, करायचे. एक आत्यांचं, एक ह्यांचं, एक पोरीचं. सगळ्यांचं उरकून आत्या आणि मी बसेपर्यंत रात्रीचे दहा वाजायचे. भाकरी गार झालेली, वरणावर साय धरलेली. एकदा आत्या म्हणाल्या, "मला चाळीस वर्षं झाली गं गार भाकर खाऊन, आता सवय झाली." त्या रात्री मला झोप आली नाही. आपणही त्याच वाटेनं चाललोय, हे दिसत होतं. तेव्हापासून मी पातेलं एकच चढवते, आणि ते वाटेत तीन ठिकाणी थांबवते. ह्यांच्या गाडीसारखं. ज्याचा थांबा आला त्याचं काढून घ्यायचं, बाकीचं पुढं न्यायचं. आता आठ वाजता आम्ही पाचही जण एका वेळी बसतो. हे मुक्कामी गाडीवर असले तर चार.

डाळ आणि पाणी

पाच माणसांना, उद्या सकाळच्या धपाट्यांची दोन पळ्या धरून, तुरीची डाळ दीड वाटी, म्हणजे साधारण 300 ग्रॅम लागते. डाळ तीन पाण्यांनी धुवायची आणि अर्धा तास भिजू द्यायची. धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला. लातुरात राहणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होतो. एकाच पातेल्यात भागवायची सवय खरी तेव्हाच पक्की झाली, कारण प्रत्येक जादा भांडं म्हणजे दोन तांबे पाणी.

डाळ शिजत नाही अशी तक्रार माझ्या दोन्ही शेजारणी करतात, आणि दोष डाळीला देतात. दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर बसतो. जड पाण्यातल्या क्षारांनी डाळीचा दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा वेगळा. म्हणून धुण्याला बोअरचं, पण भिजवायला आणि शिजवायला नळाचं भरून ठेवलेलं किंवा फिल्टरचं. डाळीच्या तिप्पट पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, चार थेंब तेल. चार शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं. वरच्या भांड्यात भात.

दुसरी चूक आंबटाची. नवी होते तेव्हा घाईत मी चिंचेचा कोळ डाळीबरोबरच कुकरात घातला होता. आठ शिट्ट्या केल्या, डाळ खडीसारखी राहिली, आणि पाहुणे ओसरीवर बसलेले. चिंच, टोमॅटो, आंबट चुका, काहीही आंबट असो, डाळ पूर्ण शिजून घोटल्यावरच घालायचं. आंबटात डाळ मऊ होत नाही.

थांबे

कुकर उघडला की डाळ गरम असतानाच रवीनं घोटायची. गार झाल्यावर घोटली तर गुठळ्या राहतात. मीठ घालून, थोडं गरम पाणी घालून सारखी करायची. हा पहिला थांबा. इथं आत्यांच्या आणि धाकट्याच्या दोन वाट्या काढते, वर अर्धा-अर्धा चमचा तूप, आणि झाकण. तुपाची धार वरण उकळतं असताना घालू नये, वास उडून जातो.

मग फोडणी. करडईचं तेल दोन मोठे चमचे, मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या, कढीपत्ता. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की लगेच डाळीत. आणखी थांबलात तर तो कडू होतो आणि सगळं पातेलं कडू करतो. फोडणीनंतर पालेभाजी: चुका, तांदुळजा, पालक, थंडीत करडईचा कोवळा पाला, जे बाजारात स्वस्त आणि टवटवीत असेल ते मोठी मूठभर चिरून. पाच-सात मिनिटं उकळी. हा दुसरा थांबा, मोठीचा आणि माझा. ती दिवसभर क्लासात बसते, तिखटानं तिच्या पोटात आग पडते. मागच्या वर्षी तिचं हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच, पण एक गोष्ट सांगितली ती मी घट्ट धरून ठेवली आहे. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळायचं, आणि जेवणाबरोबर किंवा जेवल्या-जेवल्या चहा घ्यायचा नाही. लिंबानं डाळीतलं लोह अंगाला लागतं, चहानं ते अडतं. आमच्याकडे रात्री जेवणावर चहा व्हायचा. बंद केला. ह्यांना महिनाभर जड गेलं.

पातेल्यात उरलं ते तिसऱ्या थांब्याला, म्हणजे ह्यांच्यासाठी. आता त्यात येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचा दळलेला मसाला (कृती पुढं दिली आहे), आणि तिखट. येसर चार चमचे (पोहे खायचे) आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं. कोरडं टाकलंत तर गोळे होतात आणि पळीनं फुटत नाहीत. दोन चमचे लाल तिखट थोड्या तेलात परतून घातलं की वर तर्री येते. चिंचेचा कोळ, बोराएवढा गूळ, आणि दहा मिनिटं मंद उकळी. येसर पाणी पितं. पातेलं उतरवताना आमटी जरा पातळच हवी, ताटात येईपर्यंत ती बरोबर होते.

पोरं मोठी होतात तसा त्यांचा थांबा पुढं सरकतो. धाकटा परवा म्हणाला, मला ताईच्या वाटीतलं चाखू दे. मी काही बोलले नाही, अर्धी पळी वाढली. त्यात चुक्याची पानं होती, त्यानं खाल्ली.

येसर

मराठवाड्याबाहेरच्या बाया विचारतात, येसर म्हणजे काळा मसाला का? नाही. काळ्या मसाल्यात नुसता मसाला असतो. येसरात धान्य असतं, म्हणून आमटीला अंग येतं. लग्नाच्या पंगतीत जी दाट, खमंग आमटी भाताच्या आळ्यात वाढतात ती याचीच. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. आत्यांचं असं: ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ एकेक वाटी, उडदाची डाळ अर्धी वाटी, धने एक वाटी, जिरं पाव वाटी, तीळ पाव वाटी, किसलेलं सुकं खोबरं एक वाटी, लवंगा दहा-बारा, मिरे चमचाभर, दालचिनीचे दोन तुकडे, तमालपत्रं चार, दगडफूल मूठभर.

सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र टाकलं तर जिरं जळतं तेव्हा ज्वारी कच्चीच असते. धान्य मंद आचेवर, ज्वारी थोडी फुटायला लागेपर्यंत, डाळी बदामी, दगडफुलाला मात्र दोन थेंब तेल आणि अर्धं मिनिट. खोबरं शेवटी, आणि तेही नुसतं गुलाबी. आत्या अजूनही पाटावर बसून वासावरून सांगतात, "झालं, काढ." माझं नाक तेवढं तयार झालेलं नाही, मी चार दाणे दाताखाली फोडून बघते. कुर्रकन फुटला की झाला. चिवट लागला तर अजून दोन मिनिटं.

परातीत पसरून पूर्ण गार करायचं, मगच दळायचं. एका वर्षी कोमट असतानाच दळून बरणी बंद केली, झाकणाला आतून घाम धरला आणि पंधरा दिवसांत वरच्या थराला बुरशी. सगळं टाकावं लागलं. शिवाय खोबऱ्याला काही महिन्यांत खवट वास येतो, म्हणून वर्षाचं एकदम करू नका. तीन महिन्यांचं करा, आणि पावसाळ्यात दोनच.

यात मी मिरची घालत नाही. बाजारच्या येसरात असते. घरच्यात नसली की धाकट्याच्या साध्या वरणातही चिमूटभर घालता येतं, आणि आत्यांना त्यांच्याच हातचा वास त्यांच्या वाटीत मिळतो.

भाकरी

ज्वारी मी मालदांडीच घेते. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, नवा माल आला की एक कट्टा, ऊन देऊन, कडुनिंबाचा वाळला पाला घालून कोठीत. दळण मात्र आठ-दहा दिवसांचंच. जुनं पीठ विरी जातं, म्हणजे त्याची चिकाटी संपते, मग थापताना भाकरी काठाला तुटते आणि नव्या मुलींना वाटतं आपल्याला येत नाही. येतं, पीठ जुनं असतं. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, तिला धरून ठेवतं ते गरम पाण्यात फुगलेलं पीठच. म्हणून पिठात खळगा करून उकळतं पाणी ओतायचं, चमच्यानं हलवायचं, हाताला सोसवेल इतकं झालं की साध्या पाण्याचा हात लावत मळायचं. एका वेळी एकाच भाकरीचं. काठवटीत तळहाताच्या गादीनं दोन-तीन मिनिटं रगडायचं. गोळा अंगठ्यानं दाबून बघा. काठ चिरला नाही तर झालं.

तवा किती तापला ते पाण्याच्या शिंतोड्यावर कळतं: थेंब नाचला पाहिजे, बसला नाही पाहिजे. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर ठेवून टाकायची आणि लगेच वर पाण्याचा हात फिरवायचा. आता नजर हटवायची नाही. पाणी सुकत येतं, पण पृष्ठभाग अजून ओलसर चमकतो, त्या क्षणी उलटायची. पूर्ण सुकू दिलीत तर भेगा पडतात, आणि भेग पडली की वाफ तिथून निसटते, पापुद्रा सुटत नाही. दुसरी बाजू नीट भाजू द्यायची, घाई इथं नको. मग पहिली बाजू विस्तवावर, आणि ती टम्म फुगते.

पहिली भाकरी नेहमी थोडी जाड होते, तव्याचा अंदाज यायचा असतो. ती आत्यांची. गरम असतानाच पापुद्रा काढून कुस्करते, त्यांच्या वाटीतल्या वरणात घालते आणि झाकून ठेवते. पुढच्या पाच भाकऱ्या होईपर्यंत ती लोण्यासारखी मुरते. मिक्सरमधून काढलेलं त्यांना आवडत नाही; "बाळाला भरवतात तसं वाटतं" म्हणतात, आणि खरंच आहे ते. घास हातानं कालवता आला पाहिजे.

बाकीच्या भाकऱ्या सुती फडक्यात गुंडाळून टोपलीत. डब्यात गरम ठेवल्या तर घाम सुटून चिघळतात. तव्यावरची गरम भाकर एकेकाला वाढत बसायचं मी सोडलं. ती दोन घास जास्त गोड लागते हे खरं, पण करणारी उभी राहते. ह्यांना हवीच असेल तर शेवटची ते स्वतः भाजून घेतात. उलटायची वेळ आता त्यांनाही कळते.

ताटात बाकी काय: कांदा, लिंबू, शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी, आणि प्रत्येकाला वाटीभर दही. आम्ही अंडी-मटण खात नाही, आणि शरीराला लागणारं बी-12 डाळ-भाजीत नसतं, दुधा-दह्यात असतं. म्हणून दूध दोन रुपयांनी वाढलं तरी दही मी कमी करत नाही.

सकाळचं

उरलेल्या दोन पळ्या डाळ रात्री फ्रिजात. पहाटे पाचला त्यात ज्वारीचं पीठ दोन वाट्या, बेसन आणि कणीक अर्धी-अर्धी वाटी, तीळ, ओवा, वाटलेला लसूण-जिरं, मीठ, आणि बारीक चिरलेली मेथी किंवा कोथिंबीर भरपूर. डाळीतच मीठ असतं, म्हणून मीठ निम्मंच. पाणी लागलं तर लावायचं, बहुतेक लागत नाही. ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, मधे बोटानं तीन भोकं पाडायची, आणि फडक्यासकट उचलून तव्यावर पालथं घालायचं. फडकं एका टोकापासून हळूच सोडवायचं, ओढायचं नाही. भोकांत आणि कडेनं तेल, झाकण, दोन मिनिटं. उलटून झाकणाशिवाय दोन मिनिटं.

धाकट्याला यातली मेथी दिसत नाही, दिसली तरी तिळाबरोबर जाते. मोठीच्या डब्यात तीन. दही वेगळ्या छोट्या डबीत, धपाट्यावर कधीच नाही, नाहीतर दहापर्यंत लगदा होतो. हे मुक्कामाला निघणार असतील तर त्यांचे धपाटे मी थोडे जास्त भाजते, पूर्ण गार करून कागदात बांधते, आणि बरोबर दह्याऐवजी भुरका देते: गरम तेलात लसूण, जिरं, तीळ, दाण्याचा जाडसर कूट, गॅस बंद करून मग तिखट. तिखट आधी टाकलं तर काळं पडतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही चांगलं राहतं.