डॉक लेव्हलरचा पार्ट मागवण्याआधी या चुका टाळा

ग्रीसने माखलेल्या सिलिंडरचा अंधारात काढलेला फोटो आणि खाली एकच ओळ, "दादा, याचा रेट सांगा." असे मेसेज मला सारखे येतात. भोसरीतून चाकण, तळेगाव, रांजणगावच्या गोडाऊनना मी डॉक लेव्हलरचे, म्हणजे गोडाऊनचा फलाट आणि ट्रक यांच्यामधल्या वर-खाली होणाऱ्या लोखंडी पुलाचे, पार्ट देतो आणि बसवतोही. नुसत्या फोटोवरून, मापाशिवाय रेट सांगणं मी बंद केलंय. नव्या मेंटेनन्सवाल्यांना दहा मिनिटांत कोटेशन हवं असतं, पण व्हर्निअर (व्यास मोजायचं माप) घेऊन पिटपाशी, म्हणजे लेव्हलरच्या खड्ड्यापाशी, जायला वेळ नसतो. मग चुकीचा पार्ट येतो, डॉक बंद पडतो आणि गाड्या गेटबाहेर रांगेत उभ्या राहतात.

शेजारच्या डॉकची पाटी वाचणं

चाकणच्या एका गोडाऊनमध्ये सहा डॉक आहेत. ऐन पावसाळ्यात चार नंबरचा लिफ्ट सिलिंडर गळायला लागला. त्याची नेमप्लेट गंजून गेली होती, म्हणून स्टोअरच्या मुलाने एक नंबरची पाटी टिपून पाठवली. रंग, पिट, बटणाची पेटी सगळं सारखंच दिसत होतं. मीही तिथे न जाता ऑर्डर टाकली, ती माझी चूक. पंधरा दिवसांनी सिलिंडर आला, पण पिन काही बसेना. रॉड पूर्ण आत असतानाही तो जुन्यापेक्षा ३५ मिमी लांब होता. चौकशी केल्यावर कळलं की चार नंबरचा लेव्हलर दुसऱ्या प्लँटमधून उचलून आणला होता आणि वर नवा रंग मारला होता. सुपरवायझर म्हणाला, "डोळा (पिन अडकवायचं टोकाचं कडं) कापून वेल्ड मारू." मी साफ नकार दिला. ज्या डेकवरून, म्हणजे लेव्हलरच्या वरच्या प्लेटवरून, माल भरलेली फोर्कलिफ्ट जाते, त्याच्या सिलिंडरवर असलं वेल्डिंग मी करणार नाही, कोणाला करूही देणार नाही. बरोबर सिलिंडर यायला आणखी तीन आठवडे गेले.

तेव्हापासून मी आधी खडूने डेकवर डॉकचा नंबर लिहितो आणि प्रत्येक फोटोत तो दिसेल असं बघतो. पाटी शोधायची ती डेकच्या खालच्या बाजूला, फ्रेमवर आणि पॅनेलच्या दाराच्या आत. मोटरवरची पाटी मोटरची असते, लेव्हलरची नव्हे. तिचा फोटो पाठवणारे महिन्यातून दोघे तरी भेटतात. मॉडेलबरोबर सिरियल नंबर हवाच, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या मधेच पार्ट बदलतात.

पाटी नसेलच तर डेकची लांबी-रुंदी मोजा आणि लिप (ट्रकवर टेकणारी पुढची पट्टी) बिजागरीवर उलगडते की सरकत पुढे येते ते बघा. साखळी ओढून डेक वर येत असेल तर बहुधा स्प्रिंगचा. बटणाचा असेल तर खाली सिलिंडर आहे की हवेची पिशवी, हे डोळ्यांनी पाहा.

पण त्याआधी टेका लावा. लेव्हलरला स्वतःचा मेंटेनन्स सपोर्ट असतो, तोच लावायचा. मेन स्विच बंद करून कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. लाकडाचा ओंडका किंवा फोर्कलिफ्टचे काटे यांच्या भरवशावर "दोन मिनिटांत फोटो काढतो" म्हणत डेकखाली शिरणाऱ्यांना मी हाताला धरून बाहेर काढलंय. पुन्हाही काढेन.

आटे अंदाजाने ठरवणं

बरेच इम्पोर्टेड लेव्हलर एनपीटी (अमेरिकन) आट्यांचे असतात, आपल्या दुकानांत मात्र बीएसपी (ब्रिटिश) आट्यांचं फिटिंग सहज मिळतं. बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६० अंश. पाव इंचाला एका इंचात बीएसपीचे १९ आटे आणि एनपीटीचे १८. फरक एवढा बारीक की फिटिंग दोन-तीन वेढे छान जातं आणि मग घट्ट होतं. फिटरला वाटतं, बसलं. प्रेशर आलं की गळती सुरू. मग टेफ्लॉन टेपचे थरावर थर, त्यावर मोठ्या पान्याने जोर, आणि शेवटी पोर्टचेच (सिलिंडरच्या तेलाच्या तोंडाचेच) आटे जातात. अर्ध्या इंचाला तर दोन्हींत १४च आटे, त्यामुळे नुसते मोजूनही कळत नाही. थ्रेड गेज लावून कोनच बघावा लागतो. मी गेज खिशात ठेवतो. जुनं फिटिंग सोबत आणलंत तर फारच उत्तम.

सिलिंडरसाठी मला हवं ते असं: रॉड आणि नळीचा बाहेरचा व्यास, पूर्ण आत असताना पिनपासून पिनपर्यंतचं अंतर, स्ट्रोक (रॉड किती बाहेर येतो ते), पिनचा व्यास आणि आटे. पोर्टमध्ये व्हेलॉसिटी फ्यूज आहे का, तेही बघा. डेकवर माणूस असताना ट्रक अचानक पुढे निघाला, तर डेक कोसळू न देणारा तो भाग आहे. नव्या सिलिंडरबरोबर तो येतोच असं नाही.

व्हॉल्व्ह चालवणाऱ्या सोलेनॉइड कॉइलचा व्होल्टेज कॉइलवरच छापलेला असतो, वाचा.

ट्रकचा धक्का झेलणाऱ्या बंपरची नुसती लांबी नको, बोल्टच्या भोकांमधलं अंतर हवं.

"डावा" लिहिलंत तर कुठे उभं राहून डावा, तेही लिहा. मी गोडाऊनच्या आतून बाहेर बघत धरतो, पण प्रत्येक कंपनी तसं धरत नाही.

फोटो पाठवताना आधी ग्रीस चिंधीने पुसा आणि मापाचा फोटो व्हर्निअर लावलेलाच काढा. आकडे वाचता आले की मी त्याच दिवशी रेट देतो.