जपानी लष्करी तलवारीची मूठ उघडताना

माझे चुलते बर्माच्या आघाडीवर जमादार होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लढाई संपल्यावर ते सोलापूरला परतले ते एक जपानी तलवार घेऊनच. जुन्या चादरीत गुंडाळलेली ती तलवार पन्नास वर्षं माळ्यावरच्या ट्रंकेत पडून होती. मी रेल्वेत फिटर. निवृत्त झाल्यावर ती खाली काढली आणि तिच्यावरचं एकेक अक्षर लावायला शिकलो. तुमच्या घरी अशी तलवार निघाली तर उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी मूठ बघा. मूठ ॲल्युमिनियमची असेल, वर रंगाने दोरीची वीण दाखवली असेल आणि ती स्क्रूने बसवलेली असेल, तर ती हवालदार दर्जाच्या शिपायांची १९३५ ची '९५ नमुना' तलवार. तिचं पातं कारखान्यात यंत्रावर झालेलं, त्यामुळे कारागिराची सही शोधू नका. पात्यावर मुठीजवळ अनुक्रमांक ठोकलेला असतो, तोच म्यानाच्या तोंडाशी हवा. दोन्ही जुळले तर जोडी मूळची.

मुठीवर पांढरं खरबरीत मासळीचं कातडं आणि वर खरी फीत गुंडाळलेली असेल तर तलवार अधिकाऱ्याची. खरं वाचन मग मुठीच्या आत. मुठीत आरपार बांबूची खुंटी असते, कधी दोन. ती एका टोकाला बारीक असते. बारीक टोकावर लाकडी काडी धरून हलकेच ठोका, दुसऱ्या बाजूने निघते. उलट्या बाजूने ठोकलीत तर आणखी रुतेल. मग पातं म्यानाबाहेर, टोक वर, मूठ डाव्या हातात तिरकी धरा आणि त्याच मनगटावर उजव्या हाताच्या मुठीने बेताचे ठोसे द्या. पातं मुठीतून सैल होतं. ते उघडं असतं, म्हणून पोरंबाळं लांब ठेवा.

मुठीत जाणाऱ्या भागाला जपानी लोक नाकागो म्हणतात. तो तपकिरी-काळा गंजलेला दिसेल. हा गंज अजिबात काढू नका. आमच्या नात्यातल्या एकाने त्याच्याकडच्या तलवारीचा नाकागो पॉलिशपेपरने घासून चकचकीत केला. सहीची निम्मी अक्षरं गेली, रंगाने लिहिलेला आकडाही गेला. मला आजही त्याची हळहळ वाटते. वय सांगणारा पुरावा तो गंजच होता.

खोली अंधारी करून टॉर्चचा उजेड आडवा टाका, खोदलेल्या रेघा उठून दिसतात. टोक वर आणि धार डावीकडे धरलीत की समोरच्या बाजूला बहुधा कारागिराचं नाव असतं. तारीख पाठीमागे.

तारीख लावणं सोपं आहे. वरून खाली वाचायची. सुरुवातीला 'शोवा' हे दोन अक्षरांचं राजाचं युग, मग आकडा, मग 'वर्ष'. एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे आपलं बेरजेचं चिन्ह. आठ म्हणजे छपरासारख्या दोन तिरक्या रेघा, वरती न जुळलेल्या. सात म्हणजे एका आडव्या रेघेला छेदून खाली उजवीकडे वळलेली रेघ. महिन्याचं अक्षर खालून उघड्या शिडीसारखं, दिवसाचं अक्षर मध्ये एक आडवी पट्टी असलेल्या बंद खिडकीसारखं. शोवा वर्षात १९२५ मिळवा. अण्णांच्या तलवारीवर बेरजेचं चिन्ह आणि खाली सात आहे, म्हणजे १७. आणि १७ अधिक १९२५ म्हणजे १९४२. याच साली डिसेंबरात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जपान्यांशी लढणाऱ्या जखमींवर उपचार करता करता गेले. हा आकडा लागला त्या रात्री मला झोप आली नाही.

आता नाकागोवरचे शिक्के. हे ज्वारीच्या दाण्याएवढे, भिंगाशिवाय दिसत नाहीत. दोन झडपांच्या दरवाज्यासारखं अक्षर असेल तर सेकी गावचा शिक्का. तिथे युद्धकाळात ढिगाने तलवारी होत, आणि हा शिक्का बहुधा जुन्या पद्धतीने न घडवलेल्या पात्यावर असतो. चेरीच्या फुलात 'शो' अक्षर असेल तरी तोच अर्थ. पाच टोकांचा तारा दिसला तर जपून ठेवा: लष्कराने मान्यता दिलेल्या लोहाराने पारंपरिक पोलादातून घडवलेलं ते पातं. जहाजाचा नांगर दिसला तर तलवार आरमाराची. 'मांतेत्सु' असं लिहिलेलं असेल तर ती चक्क दक्षिण मंचुरिया रेल्वे कंपनीची तलवार. मी रेल्वेवाला, त्यामुळे ती एकदा हातात घ्यायची फार इच्छा आहे.

नाकागोवर रंगाने लिहिलेले आकडे आणि मुठीच्या तोंडाशी पात्यात ओवलेल्या पितळी चकत्यांवरचे ठोकलेले आकडे हे जुळणीचे. चकत्यांवर सगळीकडे एकच आकडा असेल तर सुटे भाग मूळचे. चकत्या काढताना क्रमाने फोटो काढून ठेवा.

तलवार दाखवायला बाहेर न्यायची असेल तर आधी पोलीस ठाण्यात नियम विचारा. धार लावणाऱ्याकडे मात्र नेऊच नका. पात्याला तेलाचा पातळ हात द्या, नाकागो तसाच सोडा, आणि खुंटी जिथून निघाली तिथूनच परत बसवा. आमच्या तलवारीतली मूळची बांबूची खुंटी अजून घट्ट बसते.