सकस खा, पैसे वाचवा, पण या चुका टाळा

नैसर्गिक खायचं, घरात रसायनं कमी आणायची आणि खर्चही आवरायचा, हे पुण्यात जमण्यासारखं आहे. मंडई आहे, मार्केट यार्ड आहे, लाकडी घाण्याचं तेल उपनगरातही मिळायला लागलंय. तरीही दर वर्षी लोक त्याच त्या चुका करतात आणि वाचवायला निघालेले पैसे पाण्यात घालतात. बघवत नाही, म्हणून लिहितेय.

सगळ्यात महागात पडते ती वर्षाच्या गव्हाची चूक. माझ्या नणंदेने मे महिन्यात क्विंटलभर लोकवन घेतला. गच्चीवर दोन दिवस कडकडीत ऊन दिलं, इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारीच तो तापलेला गहू मोठ्या प्लॅस्टिकच्या पिंपात ओतला, वर कडुनिंबाचे हिरवेगार डहाळे टाकले आणि झाकण घट्ट लावून मोकळी झाली. गणपतीच्या आधी पिंप उघडलं तर आंबूस वास आला. झाकणाच्या आतल्या बाजूला ओल होती, वरचा वीतभर गहू गोळा होऊन बसला होता आणि त्याखाली सोंडे वळवळत होते. गरम धान्याची वाफ आत कोंडली, ओल्या पाल्याने तिच्यात भर घातली आणि पावसाळ्याने उरलेलं काम केलं. गोळे फोडून, गहू धुऊन-वाळवून दळायचा तिचा विचार होता. तो मी हाणून पाडला. बुरशीचं विष धुतल्याने किंवा भाजल्याने जात नाही, आणि असलं धान्य गाई-गुरांनाही घालू नये.

मी काय करते ते सांगते. उन्हातून आणलेला गहू घरात चादरीवर पसरून रात्रभर निवू देते. सकाळी दाणा दाताखाली धरून बघते. कट्टकन वाजला तरच भरायचा, दबला तर आणखी एक ऊन. कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवलेला हवा. एका मोठ्या पिंपाऐवजी तीन-चार डबे करते, म्हणजे एकाला कीड लागली तरी बाकीचे वाचतात. पहिल्यांदाच साठवण करणाऱ्यांनी तीन महिन्यांचाच गहू घ्यावा. भाव चांगला मिळाला म्हणून एकदम क्विंटल उचलण्याची घाई मला मुळीच पटत नाही. तूर-मुगाच्या डाळीला हाताला लागेल इतकंच एरंडेल चोळलं की पुरतं. धान्यात बोरिक पावडर घालू नका. आणि कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या घरात आणूच नका. ओल लागली की त्यातून विषारी वायू सुटतो, त्याने माणसं दगावली आहेत.

दुसरी चूक ओट्याची. संत्र्या-मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून केलेलं सफाईचं पाणी, म्हणजे बायोएन्झाइम, फार गुणी आहे. ज्यूसवाल्याकडून साली फुकट मिळतात. प्रमाण एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, आणि मुरायला तीन महिने. पण ते आंबट असतं, हे लोक विसरतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी त्याने रोज कडप्प्याचा ओटा पुसला. काळाभोर दगड पांढुरका पडला. बाटली जिथे ठेवायच्या तिथे गोल डाग उठलाय, बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर, तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम यांनी ते झिजतात, आणि मग पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. आपली फरशी कुठली हे कळत नसेल तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बारीक फेस आला तर आंबट काही लावायचं नाही. असा ओटा मी कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसते आणि लगेच कोरडा करते. बायोएन्झाइम कमोड आणि बेसिनला वापरा. ब्लीचमध्ये मात्र कधीच मिसळू नका, क्लोरीन सुटतो.

बायोएन्झाइम काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवू नका. आत वायू साठतो, बाटली फुटते. प्लॅस्टिकची बाटली घ्या, वर जागा सोडा आणि पहिला महिनाभर रोज झाकण सैल करा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेसावर खूश होऊ नका. दोघं एकमेकांना मारतात, हाती नुसतं खारट पाणी उरतं.

किन्वा आणि चिया महाग पडतात. नाचणी, ज्वारी, राजगिरा, जवस, कारळे आपल्याकडेच पिकतात.

घाण्याचं तेल पाच लिटर घेऊन गॅसशेजारी पारदर्शक बरणीत ठेवलं तर खवट होणारच. लिटरभर आणा, अंधारात ठेवा, फोडणीला वापरा. वडे-भजी तळून ते संपवणं मला पाप वाटतं.

मार्केट यार्डात पालेभाजी स्वस्त दिसते म्हणून एकट्याच्या घरासाठी ढीग आणू नका. आम्ही चार घरं मिळून आणतो आणि खाली पार्किंगमध्येच वाटून घेतो. मेथी-कोथिंबीर धुऊन फ्रिजमध्ये ठेवू नका. निवडून कोरड्या सुती कापडात गुंडाळा आणि करायच्या वेळीच धुवा.