सुपरमार्केटला फरशी घेताय? आधी ओल्या चपलेने घासून बघा

इंदिरानगरला आमचं छोटं सुपरमार्केट आहे, आणि पहिल्यांदा फरशी टाकली तेव्हा मी शोरूममधल्या चकाकीला भुललो, आरशासारखी ग्लॉसी टाइल घेतली. पहिल्याच जुलैत गिऱ्हाईकं छत्र्या टिपकत आत यायला लागली आणि दाराशी बारदानं अंथरायची वेळ आली, तरी एक आजोबा घसरलेच, नशीब ट्रॉली धरलेली होती.

म्हणून सांगतो, आधी सॅम्पल पीस घरी आणा. त्यावर पाणी ओता आणि झिजलेल्या स्लीपरने घासून बघा. मग खाण्याच्या तेलाचे दोन थेंब टाकून पाऊण तासाने पुसा, डाग राहतोय का बघा. कॅटलॉगमध्ये आर९, आर१० असं लिहिलेलं असतं, आकडा वाढला की पकड वाढते. दाराजवळ आणि भाजीच्या भागात मी आर१० च्या खाली जाणार नाही, पण आर११ सगळीकडे नको, त्यात मळ धरतो आणि पोछा मारणाऱ्या मावशी आपल्यालाच ऐकवतात.

दुकानात शक्यतो व्हिट्रिफाइड, म्हणजे कडक भाजलेली, पाणी न पिणारी टाइल, तीही फुल बॉडी (आरपार एकच रंग) नाहीतर डबल चार्ज, मॅट फिनिशमध्ये. जीव्हीटीवर, म्हणजे ग्लेझ दिलेल्या व्हिट्रिफाइडवर, डिझाइन फक्त वरच्या थरात छापलेलं असतं, ट्रॉली जाते त्या पट्ट्यात ते आधी झिजतं. डबल चार्जमध्ये रंगाचा थर ३-४ मिलिमीटर असतो, म्हणून टिकतो.

कोटा स्वस्त, दणकट, गोडाऊनला झकास. पण तो चुनखडीचा दगड, लोणच्याची नाहीतर व्हिनेगरची बाटली फुटली की पांढुरका डाग पडतो, आणि टॉयलेटचं अ‍ॅसिड चुकूनही मारू नका. शहाबादीचंही तेच. इपॉक्सी, म्हणजे ओतून पसरायचं रेझिनचं फ्लोअरिंग, दिसतं भारी, सांधेच नाहीत, पण नवं काँक्रीट किमान २८ दिवस वाळू द्यावं लागतं आणि तळमजल्यावर खालून ओल येत असेल तर फुगे धरतात. व्हिनाइलचा आमच्याकडे विचारच नाही, पॅलेट ट्रक ओढला की संपलं.

आता खरी गोम बसवण्यात आहे. मिस्त्री चार कोपऱ्यांना मसाल्याचे गोळे ठेवून टाइल दाबतो, मध्ये पोकळी राहते, वर तेलाच्या डब्यांनी भरलेल्या रॅकचा पाय आला की टाइल तडकते. अ‍ॅडेसिव्ह दातेरी थापीने पूर्ण पसरायला लावा आणि दुसऱ्या दिवशी एकेक टाइल नाण्याने ठोकून बघा, बद्द आवाज आला की उखडा, तो कितीही चिडू दे. सांधे २ मिलिमीटरच्या आसपास, त्याहून रुंद ठेवले की ट्रॉली खडखडते. भाजी आणि तेलाच्या भागात सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट, महाग पडतं पण साधं सिमेंटचं काळं पडतं.

आणि एकाच बॅचचे चार-पाच बॉक्स जास्तीचे घेऊन ठेवा. वर्षभराने तोच नंबर मागितला तर शेड जुळत नाही, आमच्या कॅश काउंटरसमोर अजून दोन वेगळ्या टाइल दिसतात.