नदीकाठचं लाकूड फिश टँकमध्ये बुडवायचं कसं

बागेतली ओली फांदी तोडायची, नळाखाली धुवायची आणि टाकीत ठेवायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानणाऱ्यांच्या टाकीत आठवड्याभराने डोकावून बघा. पाणी गढूळ झालेलं असतं आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतात. ओल्या लाकडातला रस पाण्यात उतरला की जिवाणू माजतात आणि प्राणवायू संपवतात. टाकीत जाणारं लाकूड मेलेलं, सुकलेलं आणि आतपर्यंत टणकच हवं.

कुठलं उचलायचं

दिवाळीच्या सुमारास नद्या उतरतात, तेव्हा वळणांवर आणि पुलांच्या खांबांशी पुराने आणलेला गाळसाळ अडकलेला असतो. त्यात यंदा उन्मळून आलेलं हिरवट लाकूडही असतं, ते सोडा. राखाडी पडलेलं, साल झडलेलं, पाण्याने कडा घासून गुळगुळीत केलेलं मुळकं शोधा. एप्रिल-मेमध्ये धरणांचं पाणी मागे हटतं, तेव्हाही जुनी मुळं उघडी पडतात. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाचं लाकूड फुकट मिळालं तरी नको, कारण मुरलेलं तेल-रसायन उकळूनही निघेल याचा भरवसा नाही. समुद्रकाठच्या लाकडात मीठ भिनलेलं असतं, त्याच्याही नादी लागू नका.

अभयारण्यातून आणि कांदळवनातून काडीसुद्धा आणायची नाही. शिवाय १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वाहून आलेलं, काठाला लागलेलं लाकूडही कुणी मालकी सिद्ध करेपर्यंत सरकारचंच धरलेलं आहे. म्हणून मी सांगेन की ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचं जुनं मुळकं विचारून घ्या. त्यात झाड कुठलं तेही कळतं.

आणि ते कळायला हवं. जांभूळ, पेरू, चिंच, बाभूळ उत्तम. पांगारा, शेवगा, सावर यांचा पाण्यात भुसा होतो, आंबाही फार टिकत नाही. चीड आणि निलगिरीत राळ-तेल असतं. कण्हेर, शेर आणि खाडीकाठचा गेवा यांचा चीकच विषारी. करंज तर नदीकाठी हमखास भेटतो आणि त्याच्याच बिया-मुळं मासे गुंगवायला वापरतात. तेव्हा ओळख पटत नसेल तर लाकूड तिथेच ठेवा.

स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक रुतलं तर तो भाग तासून टाका, सगळीकडे रुतलं तर लाकूडच टाका. मग उरलीसुरली साल काढून तारेच्या ब्रशने घासा.

खरी गोम: बुडवणं

सुकं लाकूड पाण्यात तरंगतं आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. कुणी लाकडावर दगड ठेवतं, कुणी टाकीच्या दोन काचांमध्ये लाकूड ठोकून बसवतं. हे दुसरं कधीच करू नका. लाकूड भिजलं की फुगतं, आणि तेवढ्या दाबाने काच तडकू शकते. लाकूड आणि काच यांत बोटभर फट राहिलीच पाहिजे.

लाकूड तरंगतं ते त्याच्या नळ्यांमधल्या हवेमुळे. ती हवा काढून तिथे पाणी भरायचं, एवढंच काम आहे. त्यासाठी उकळा असं सगळेच सांगतात, पण अर्धंच सांगतात. लाकूड तापतं तशी आतली हवा प्रसरण पावून बुडबुड्यांनी बाहेर पडते. फांदीच्या कापल्या टोकाशी नीट बघितलंत तर बुडबुड्यांची बारीक माळ सुटताना दिसेल. आता लाकूड चिमट्याने गरमच बाहेर काढलंत, तर निवताना ते पुन्हा हवाच ओढून घेतं आणि गॅस फुकट जातो. आच बंद करा आणि लाकूड त्याच पाण्यात, वर वजन ठेवून, रात्रभर निवू द्या. निवताना आतली उरलेली हवा-वाफ आक्रसते आणि लाकूड पाणी आत खेचतं. लाकूड बुडतं ते या निवण्यामुळे. दोन तास उकळायचं आणि रात्रभर निववायचं. हे तीन-चारदा केलं की मनगटाएवढी फांदी सहसा तळ गाठते. जाड बुंध्याला जास्त वेळ लागेल, तिथे घाई चालत नाही.

भांडं स्टीलचं घ्या. तांब्याचं घंगाळ किंवा बंब बिलकूल नको, कारण लाकडाच्या आंबूस पाण्यात तांबं उतरतं आणि ते कोळंबी-गोगलगायींचा जीव घेतं. भांड्याला डागही पडतात, त्यामुळे घरच्यांच्या नेहमीच्या पातेल्याला हात लावायचा असेल तर आधी विचारा. प्रेशर कुकर आणि ओव्हन या कामाला नाहीत. उकळताना झणझणीत किंवा औषधी वास आला, पाण्यावर तेलकट तवंग आला, तर ते लाकूड टाकून द्या. ब्लीचने झटपट स्वच्छ करा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, सच्छिद्र लाकडातून ते पुरतं निघता निघत नाही.

भांड्यात न मावणारं लाकूड निळ्या ड्रममध्ये भिजत घाला आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. पाणी चहासारखं होतं ते लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे, त्याने माशांचं काही बिघडत नाही. ड्रमवर मात्र फडकं घट्ट बांधा. उघड्या साठ्यात डेंग्यूचे डास होतात आणि मग पालिकेची माणसं ड्रम ओतून देतात, तेही बरोबरच आहे.

एवढं करूनही लाकूड तरंगलं, तर बुडाशी भोक पाडून स्टेनलेस स्क्रूने चपट्या दगडावर पक्कं करा. दगड काळा बेसाल्ट चालेल. कडप्पा नको, तो चुनखडीचा असल्याने पाणी जड करतो.

टाकीत ठेवल्यावर

पहिल्या काही दिवसांत लाकडावर पांढरी, कापसासारखी बुरशी येते. घाबरून लाकूड फेकू नका. कोळंबी ती आवडीने खाते, नाहीतर दोन-तीन आठवड्यांत ती आपोआप ओसरते. बुरशीच्या जागी काळे डाग आणि सडक्या अंड्याचा वास आला, तर मात्र आत कुजकं राहिलंय. लाकूड बाहेर काढून तो भाग पुन्हा तासा. पिवळसर पाणी नको असेल तर फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची (चुलीच्या नव्हे, पाणी गाळायच्या कोळशाची) पुडी घाला. जावा फर्न हे पाण्यात वाढणारं नेचं लावायचं असेल तर ते दोऱ्याने लाकडाला बांधा, त्याचा कंद वाळूत गाडू नका.