तिसरी-चौथीच्या वर्गाला ई-मेल शिकवताना

एकाच वर्गात जोडाक्षरावर अडखळणारं मूल असतं, आईच्या मोबाइलवरून मामाला झरझर निरोप पाठवणारं असतं आणि पहिल्या बाकावर बसूनही फळा नीट न दिसणारंही असतं. ई-मेल यांपैकी कोणालाच अवघड नाही. गाडी अडते ती टायपिंगपाशी. म्हणून ई-मेल आणि टायपिंग आधी वेगळं शिकवा आणि मगच एकत्र आणा.

त्याआधी खात्याचं बघा. भारतात १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून जीमेलचं खातं उघडता येत नाही. खोटं जन्मवर्ष टाकून ते उघडून देऊ नका. शाळेकडे गूगल वर्कस्पेस फॉर एज्युकेशन (गूगलची शाळांसाठीची सेवा) असेल तर पालकांची लेखी संमती घेऊन ॲडमिनकडून, म्हणजे शाळेची खाती सांभाळणाऱ्याकडून, मुलांची खाती काढून घ्या. या खात्यांवर बाहेरचा मेल येणार-जाणार नाही असं बंधन ॲडमिनला घालता येतं, ते घालायला सांगा. अशी सोय नसेल तर शिक्षकाच्या ताब्यातलं एकच वर्गखातं पुरतं. जीमेलमध्ये पत्त्यातल्या @ च्या आधी अधिकचं चिन्ह आणि नाव जोडलं तरी मेल त्याच खात्यात येतो. म्हणजे खातं ‘चौथीवर्ग’ नावाचं असेल तर ‘चौथीवर्ग+सई’ हा सईचा पत्ता आणि ‘चौथीवर्ग+आरिफ’ हा आरिफचा (लिहायचे अर्थात रोमन अक्षरांत). प्रत्येक पत्त्याला एक फिल्टर (आलेला मेल आपोआप वेगळा काढणारा नियम) आणि मुलाच्या नावाचं एक लेबल करून ठेवा, की झाल्या तीस पेट्या. पेटी उघडी आहे, कोणीही कोणाचंही वाचू शकतं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाका. सेटिंगमध्ये दोन बदल करा: ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद, कारण एकाच विषयाचे मेल एकमेकांत गुंडाळले जाऊन मुलं गोंधळतात, आणि ‘अन्डू सेंड’ची, म्हणजे पाठवलेला मेल मागे घेण्याची, मुदत ३० सेकंद. सगळ्या संगणकांवर आदल्या दिवशीच लॉग-इन करा. ऐन तासाला गूगल मोबाइलवर खातरजमा मागत बसलं तर अर्धा तास त्यातच जातो.

पहिले दोन तास संगणक बंदच ठेवा. चपलांचा रिकामा खोका ही पोस्टपेटी. चिठ्ठीवर तीन ओळी आखून द्या: कोणाला, कोणाकडून, विषय. त्याखाली मजकूर. पत्त्याची तुलना पोस्टकार्डाशी करा: आधी नाव, मग गाव, तालुका, जिल्हा. ई-मेलमध्येही @ च्या आधी माणूस आणि नंतर त्याचं ‘गाव’. फरक एवढाच, की घराचा नंबर चुकला तरी पोस्टमन विचारत विचारत घर गाठतो, संगणक विचारत नाही. एका मुलाला ‘सर्व्हर’, म्हणजे मेल पोहोचवणारा संगणक, करा. त्याने चिठ्ठीवरचा पत्ता जवळच्या नमुना कार्डावरच्या पत्त्याशी अक्षर-अक्षर जुळवायचा. एक अक्षर कमी असलं तरी चिठ्ठी ‘पत्ता सापडला नाही’ म्हणत परत. वाचता न येणारं मूलही आकार जुळवून हे काम चोख करतं, म्हणून ते मुद्दाम त्यालाच द्या.

संगणकावर बसल्यावर बहुतेक ठिकाणी कम्पोजपासून, म्हणजे नवा मेल लिहिण्यापासून, सुरुवात होते. ती चूक आहे. आधी उत्तर द्यायला शिकवा. रिप्लायमध्ये पत्ता आणि विषय आयते भरलेले असतात, मुलाला फक्त मजकूर लिहायचा असतो. तुमच्या स्वतःच्या खात्यावरून प्रत्येकाला एक ओळ पाठवा: ‘आज खिचडीत काय काय होतं?’ एकाने ‘वाटाणा’ एवढंच लिहिलं तरी तो पुरा मेल झाला. वर्गखात्यावरून आलेली सगळी उत्तरं तुम्हाला एकाच नावाने दिसतील, त्यामुळे शेवटी स्वतःचं नाव लिहिण्याची गरज मुलांना आपोआप पटते.

मराठी टायपिंगला लहान मुलांसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींसाठी ठरवलेली कळांची मांडणी) कळफलक बरा. उच्चारावरून लिहिण्याच्या पद्धतीत आधी इंग्रजी स्पेलिंग जुळवावं लागतं, आणि मराठी माध्यमातलं मूल तिथेच थकतं. इनस्क्रिप्टमध्ये एक कळ म्हणजे एक अक्षर. कळांवर देवनागरी स्टिकर लावा. मात्र त्यात शिफ्ट आणि २ दाबून @ येत नाही. पत्ता टाकण्याआधी विंडोज कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर यायचं, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. ज्याला लिहिणं जमतच नाही त्याला टॅब्लेटवर माइकचं बटण दाबून बोलू द्या, पण व्हरांड्यात. वर्गातला गलका माइक तसाच उचलतो.

अंधूक दिसणाऱ्या मुलासाठी कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की पान मोठं होतं. अंध मुलासाठी एनव्हीडीए हा पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) मोफत मिळतो, त्याला हेडफोन लागतोच. एका हाताने काम करणाऱ्याला शिफ्ट धरून दुसरी कळ दाबणं अवघड जातं. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ‘स्टिकी कीज’ची खिडकी येते, ती सोय चालू करा, म्हणजे कळा एकामागून एक दाबल्या तरी चालतं. (बाकीची मुलं खेळता खेळता हीच खिडकी उघडून घाबरतात, तेव्हा ती बंद करायलाही शिकवा.) माउस थरथरणाऱ्या हातात स्थिर राहत नाही. त्यासाठी टॅब कळ आहे: पत्त्यावरून विषयावर, विषयावरून मजकुरावर. शेवटी कंट्रोल आणि एंटर दाबलं की मेल रवाना.

जोड्या लावा, पण मदत करणाऱ्याचे हात पाठीमागे. नाहीतर हुशार मूल माउस हिसकावून सगळं स्वतःच करतं आणि दुसरं नुसतं बघत राहतं. पाच मिनिटांनी जागा बदला. ज्यांचं लवकर आटोपतं त्यांना सीसी (तोच मेल आणखी कोणाला पाठवणं) आणि फोटो जोडणं द्या. २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जीमेल थेट जोडत नाही, हेही त्यांना करूनच कळू दे.

चुका ठरलेल्या असतात: पत्त्यात मोकळी जागा, टिंबाऐवजी स्वल्पविराम, विषयाच्या चौकटीत सगळं पत्र. परत आलेला मेल कसा दिसतो ते एकदा दाखवाच. पण त्यासाठी मनाने पत्ता बनवू नका, तो खरोखर कोणाचा तरी निघायचा. ज्याच्या शेवटी ‘डॉट इनव्हॅलिड’ (.invalid) आहे असा पत्ता वापरा. ही अक्षरं कोणालाच न देण्यासाठी राखून ठेवली आहेत, त्यामुळे तो मेल कोणाकडेही पोहोचत नाही.

तास संपला की ड्राफ्ट्स (न पाठवलेले मेल) उघडून बघा. ‘मी पाठवला’ म्हणणाऱ्यांचे मेल बऱ्याचदा तिथेच पडून असतात, कारण त्यांनी सेंडऐवजी कोपऱ्यातली फुली दाबलेली असते.