शिक्षकाने परदेशात काय पाहावं

शिक्षकी पेशात नुकतेच आलेले बरेच जण विचारतात, परदेशी जाऊन आल्याचा आपल्या कामाला खरंच उपयोग होतो का? माझं उत्तर ठाम 'हो' आहे. फक्त तिथे गेल्यावर वर्गात मागे उभं राहून मुलांकडे बघायची तयारी हवी. इमारती, प्रयोगशाळा, टॅबलेट यांचे फोटो कुणीही काढून आणतं. त्याने शिकवणं बदलत नाही.

मी प्राथमिकला गणित शिकवतो. माझं शिकवणं बदललं ते जपानमध्ये 'जुग्यो केन्क्यू', म्हणजे शिक्षकांनी मिळून केलेला पाठाचा अभ्यास, पाहून. चार-सहा शिक्षक मिळून एकच पाठ कित्येक दिवस रचतात. मग त्यांच्यातला एक जण तो शिकवतो आणि बाकीचे पाठाचा आराखडा हातात धरून वर्गात फिरतात. त्यांची नजर मुलांच्या वह्यांवर असते, शिकवणाऱ्यावर नाही. शाळा सुटल्यावर सगळे चर्चेला बसतात. पहिलीच्या वजाबाकीची सुरुवात 12−3 ने करायची की 13−9 ने, यावर तिथे तावातावाने बोललं जातं! कारणही तसंच आहे. बारातून तीन काढायचे तर मूल बोटांवर उलटं मोजून मोकळं होतं. तेरातून नऊ काढताना उलटं मोजणं जिवावर येतं, म्हणून ते दहातून नऊ काढतं आणि उरलेला एक तीनात मिळवतं. म्हणजे कोणते आकडे निवडले यावर मूल कसा विचार करणार हे ठरतं. इतकी वर्षं आकडे मी पुस्तकातून जसेच्या तसे उचलत होतो.

त्यांचा फळाही नीट बघा. तासभर तो पुसत नाहीत. डावीकडे प्रश्न, मध्ये मुलांच्या वेगवेगळ्या रीती, त्यात चुकलेल्याही, आणि उजवीकडे निष्कर्ष. शेवटी अख्ख्या तासाचा विचार एका नजरेत दिसतो. याला पैसा लागत नाही, म्हणून हे कुठेही नेता येतं.

सगळंच असं उचलून आणता येत नाही. फिनलंडच्या शाळांमध्ये साधारण 45 मिनिटांच्या तासानंतर 15 मिनिटांची सुट्टी असते, हे सगळ्यांना भुरळ घालतं. पण तिथे वर्गशिक्षक व्हायलाही पदव्युत्तर पदवी लागते आणि शाळा तपासणीची पद्धत 1990 च्या दशकातच बंद झाली. सुट्टीमागे शिक्षकावरचा हा विश्वास उभा आहे. वेळापत्रक नक्कल करता येईल, विश्वास नाही.

जायचे मार्ग बरेच आहेत. जपानच्या 1987 पासूनच्या जेट कार्यक्रमात पदवीधरांना सहायक भाषाशिक्षक म्हणून वर्षाच्या करारावर घेतात, करार वाढतोही. शिकवण्याची सनद त्यासाठी लागत नाही. फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्ती योजनांमध्ये शाळाशिक्षकांसाठीही वेगळ्या जागा असतात. आंतरराष्ट्रीय शाळेत नोकरी हवी असेल तर मात्र बी.एड. किंवा तत्सम पात्रता आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव बहुतेक ठिकाणी मागतात. म्हणून माझा सल्ला असा की आधी आपल्या वर्गात दोन-तीन वर्षं काढा. स्वतःचे प्रश्न तयार झाले नसतील तर तिथे नेमकं काय बघायचं तेच कळत नाही. पदवीचं प्रमाणीकरण आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला यांना वेळ लागतो, ते लवकर सुरू करा. मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. शाळा याबाबत फार कडक असतात, आणि ते योग्यच आहे.

परतल्यावर कामाला वेगळं वळण लागतं ते सहकाऱ्यांमुळे. मी शेजारच्या वर्गाच्या बाईंना माझ्या तासाला बसायची विनंती केली आणि मुलांच्या वह्यांत काय दिसतं ते टिपायला सांगितलं. मग आणखी दोघे आले. पुढे शिक्षक प्रशिक्षणाची आणि स्वाध्याय लिहिण्याची कामं माझ्याकडे आली, ती त्या नोंदी पाहून. मुलाखतीतही मला देशांची नावं कुणी विचारली नाहीत, तुमच्या वर्गात काय बदललं हेच विचारलं. तेव्हा परतल्यावर पहिल्या महिन्यात एकच गोष्ट, एकाच वर्गात करून बघा आणि तारखेनिशी लिहून ठेवा.